पुस्तक बदलायला जायचं कधी?

गेल्या वर्षी माझ्या पन्नाशीला घरच्यांनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, की साडी, भांडी, बुके काही नको, हिला पुस्तकं द्या. लोकांनी ते मनावर घेतलं. रात्री पाहुणे गेल्यावर दिवाणावर बसून मोजली, तर २६ पुस्तकं. चरित्रं होती, कवितासंग्रह होते, गच्चीवरच्या भाजीपाल्याचं एक सचित्र पुस्तक होतं, ऑफिसातल्या मुलींनी वर्गणी काढून आणलेला कथासंग्रहांचा संच होता. जवळजवळ प्रत्येकाच्या पहिल्या पानावर देणाऱ्याने दोन ओळी लिहिलेल्या. कपाटात जागा नव्हती म्हणून शिलाई मशीनवर त्यांची चवड रचली. म्हटलं, वाचून होतील तशी कपाटात लावू.

वर्ष उलटलं. चवडीतली पाच वाचून झाली. सहाव्यात ५८ व्या पानावर जुना रेल्वे पास खुणेसाठी घातला आहे, तो गणपतीपासून तिथेच आहे. ब्लाउजला साधी टीप मारायची तरी आधी ती चवड उचलून खाली ठेवावी लागते, आणि वरच्या पुस्तकावरची धूळ पुसताना दर वेळी अपराधी वाटतं. देणारे भेटले की विचारतात, "कसं वाटलं गं पुस्तक?" त्यांना काय सांगायचं?

बरेच महिने हे माझंच चुकतंय असं धरून चालले होते. आता तसं मानत नाही. वाचायला वेळ मिळणं ही ज्याच्या त्याच्या हौसेची आणि शिस्तीची गोष्ट आहे असं आपण सगळेच समजतो, आणि मला वाटतं तिथेच गफलत होते. वाचनाचा वेळ एकट्या माणसाला काढता येत नाही, तो कुणीतरी त्याला काढून द्यावा लागतो. घराने द्यावा लागतो, कामाच्या ठिकाणाने द्यावा लागतो, गावच्या वाचनालयाने द्यावा लागतो. पुस्तकं भेट द्यायची चांगली रीत आपल्याकडे रुजली आहे. वेळेचं मात्र कुणी बोलत नाही.

माझा दिवस काही जगावेगळा नाही. डोंबिवलीत राहून मुंबईत नोकरी करणाऱ्या कुणाही बाईचा असतो तसाच. सव्वापाचला उठणं, पाणी, दोन डबे, सासूबाईंची औषधं काढून ठेवणं, आठच्या आतली फास्ट. गाडीत वाचावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या वेळी लेडीज डब्यात एकदा शिरून बघावं. ठाणं येईपर्यंत वर गेलेला हात खाली आणायला जागा नसते. बसायला मिळालंच तर चौथी सीट, म्हणजे अर्धं अंग बाहेर. पुस्तकाला दोन हात लागतात. मोबाइल एका हातात नाकासमोर धरता येतो. म्हणून डब्यात मोबाइल दिसतात, पुस्तकं दिसत नाहीत, आणि बाहेरून बघणारे म्हणतात, वाचनसंस्कृती बुडाली.

संध्याकाळी जरा बरं असतं. सीएसएमटीला गाडी तिथूनच सुटते, एक गाडी सोडली तर पुढच्या गाडीत खिडकीजवळ बसायला मिळतं आणि तासभर सलग वाचता येतं. पण ती एक गाडी सोडायची म्हणजे घरी वीस मिनिटं उशीर, म्हणजे कुकर वीस मिनिटं उशिरा, म्हणजे जेवणं, आवराआवर, झोप सगळंच पुढे. माझी पाच पुस्तकं कोणत्या दिवसांत झाली ते मी आठवून पाहिलं. पाचपैकी चार मे महिन्यात झाली. मुलगा हॉस्टेलवरून सुट्टीला घरी आला होता आणि रात्रीचा कुकर तो लावत होता. माझ्या इच्छाशक्तीत मे महिन्यात काही फरक पडला नव्हता. कुकर दुसऱ्याने लावला, एवढंच झालं होतं.

यावर लगेच म्हणतात, मोबाइल बघायला बरा वेळ मिळतो. प्रश्न रास्त आहे, टाळणार नाही. मीही रात्री सगळं उरकल्यावर अर्धा-पाऊण तास मोबाइल बघते. पण तो अर्धा तास उचलून पुस्तकाला देता येत नाही, कारण त्या वेळेला माझ्यात काही उरलेलं नसतं. वाचताना मागचं वाक्य धरून पुढचं घ्यावं लागतं. कादंबरीत चाळीस पानांमागे येऊन गेलेला मामा पुन्हा दारात उभा राहिला, तर तो कोण ते आठवावं लागतं. त्याला डोकं ताजं लागतं आणि वेळ सलग लागतो. मोबाइलला यातलं काहीच लागत नाही. दिवसाचे जे तुकडे उरतात, त्यांवर त्याचं भागतं. ज्याच्या हातात फक्त तुकडेच उरतात त्याला शिस्तीचं व्याख्यान देऊन काय होणार? आधी त्याला सलग अर्धा तास मिळू दे, मग तो मोबाइल उचलतो की पुस्तक, याचा हिशेब त्याच्याकडे मागू.

ऑडिओबुकबद्दलही कुणी सुचवतं. पोळ्या लाटताना मी ऐकते. दोन कादंबऱ्या तशा झाल्या, आणि छान झाल्या. पण कविता किंवा विचार करायला लावणारं पुस्तक तसं होत नाही. एखादी ओळ मागे जाऊन पुन्हा बघावीशी वाटते तेव्हा हात कणकेचे असतात.

कणकेचं निघालंच आहे तर आकडे सांगते. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची देशभर पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. मुलांचं आणि म्हाताऱ्या माणसांचं करणं यात धरलेलं नाही, ते वेगळं मोजलं आहे. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, पण पुरुषांचीही नऊ वाचली. म्हणजे ओझं वाटून घेतलं गेलं नाही. मिक्सर-कुकरमुळे म्हणा, तयार पिठांमुळे म्हणा, दोघांचंही थोडं थोडं हलकं झालं, आणि मधलं अंतर जवळजवळ होतं तेवढंच राहिलं. आज ते २०१ मिनिटांचं आहे. यातला फक्त अर्धा तास इकडचा तिकडे झाला असं धरा. अर्ध्या तासात पंधरा पानं होतात. दोनशे पानांचं पुस्तक दोन आठवड्यांत संपतं. वर्षाचे आठवडे ५२, माझी पुस्तकं २६. सगळी चवड वाचून झाली असती.

हा हिशेब मी घरात मांडला तेव्हा नवऱ्याने वाद घातला नाही. त्याने भांडी घासायला घेतली. एका घरात एवढं जमलं, पण घराघरांत असं कुणी सांगत बसेल तेव्हा, यावर सोडून देण्यासारखी ही बाब नाही असं मला वाटतं. शाळेत मुलांना पुस्तकावर चार ओळी लिहायला सांगतात, तिथेच पोळी लाटायलाही मुलगा-मुलगी दोघांना शिकवलं पाहिजे. वाचनाच्या चळवळीचा तोही एक भाग आहे.

सासूबाईंचं लग्न होऊन त्या गिरगावातल्या चाळीत आल्या तेव्हाची गोष्ट त्या अजून सांगतात. दुपारी दोन ते चार ही वेळ चाळीतल्या बायकांची असायची. पुरुष कामावर, मुलं शाळेत, मोरी धुऊन झालेली. कुणी तांदूळ निवडायची, कुणी वाचायची, कुणी मोठ्याने वाचून बाकीच्यांना ऐकवायची. चारला मुलगा शाळेतून आला की त्याच्या हातात पिशवी द्यायच्या. "जा रे, पुस्तक बदलून आण. जाडं बघून आण, आणि मागच्या खेपेचं नको." मुलगा जे आणेल ते वाचायच्या. सासूबाईंचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण मराठीतल्या दोन पिढ्यांच्या कादंबऱ्या त्यांच्या वाचून झाल्या आहेत. त्या दुपारी परत याव्यात असं मी म्हणत नाही. त्या बायकांच्या हातात पगार नव्हता, आणि कितीजणींना आणखी शिकायचं होतं ते त्याच सांगू शकतील. मला वेगळंच दिसतं. कोपऱ्यावरचं वाचनालय चार ते सात उघडं असायचं, आणि ती वेळ त्या चाळीच्या जगण्याला बरोबर बसत होती. शाळेतून आलेलं पोर जाऊ शकत होतं, पाचला सुटणारा कारकून घरी जाता जाता डोकावू शकत होता. आज पोर पाचला क्लासला जातं, कारकून आठला घरी पोचतो. वाचनालयाची पाटी मात्र बऱ्याच ठिकाणी तशीच आहे.

दिवाळी अंकांचंही तसंच. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा आजतागायत चालू आहे. ती टिकण्याची कारणं बरीच आहेत, पण एक साधं कारण असं की तो अंक सुट्टी बघून निघतो. फराळाचं झालं, पाहुणे आले-गेले, घरात चार दिवस सगळ्यांना मोकळीक आहे, अशा वेळी तो हातात पडतो. वाचणारा मोकळा केव्हा असतो ते ओळखून आपण एकदा छापलं, त्याला शतक उलटून गेलं, अजून वाचलं जातंय.

आणि सुट्टी तरी आपोआप कुठे मिळाली? मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा भरवल्या, हजारो सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या कोणत्या, तर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, आणि काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच. सहा वर्षांनी, १० जून १८९० ला, गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. हे लोखंडे 'दीनबंधु'चे संपादक होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कामगाराने वाचावं म्हणून जो माणूस पत्र चालवत होता, तोच त्याला वाचायला दिवस मिळावा म्हणून भांडत होता. ही दोन कामं त्याला वेगवेगळी वाटली नसणार.

वाचनाच्या प्रत्येक भाषणात बाबासाहेबांचं उदाहरण देतात. एवढ्या गरिबीत, एका खोलीत राहून ते वाचत होते, मग तुम्हाला काय झालं, असा त्याचा सूर असतो. मला ती गोष्ट वेगळी ऐकू येते. परळच्या त्या लहानशा खोलीत अभ्यासाला जागा नव्हती, तेव्हा रामजी सुभेदार मुलाला लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहत, दोनला त्याला उठवत आणि मग आडवे होत. मुलगा वाचावा म्हणून बाप जागत होता. दिवसा शाळा सुटल्यावर तो मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. शहराने सगळ्यांसाठी मोकळी ठेवलेली ती बाग. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी त्याला पाहिलं, त्याची चौकशी केली, ओळख ठेवली. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्याला भेट दिलं. पुढच्या शिक्षणाला बडोद्याच्या महाराजांची मदत मिळावी म्हणून खटपट केली तीही त्यांनीच. एका भेट पुस्तकाने किती लांबचा प्रवास केला ते महाराष्ट्राला सांगायला नको. पण ते पुस्तक अशा मुलाच्या हाती पडलं, ज्याला वेळ बापाने दिला होता आणि जागा शहराने दिली होती. भाषणात ही दोन्ही माणसं आणि ती बाग गाळली जाते. उरतो एकटा जिद्दी मुलगा, आणि तो आपल्यापुढे उभा करून आपल्याला लाजवलं जातं.

पुढे मजूरमंत्री झाल्यावर बाबासाहेबांनीच कामाचे तास कमी करण्याचा प्रश्न हाती घेतला, आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. त्याच महाराष्ट्रात ३ सप्टेंबर २०२५ ला मंत्रिमंडळाने खाजगी दुकानं-आस्थापनांत रोजच्या कामाची मर्यादा नऊवरून दहा तास आणि कारखान्यांत नऊवरून बारा तास करायला मंजुरी दिली. जादा तासांना दुप्पट पगार आहे, कामगाराची संमती लागणार आहे, असं त्यावर सांगितलं गेलं. संमतीबद्दल मला एवढंच विचारायचं आहे, की ज्याचा हप्ता थकलाय तो नाही कसा म्हणेल? आपल्याच राज्यात १५ ऑक्टोबर, डॉ. कलामांचा जन्मदिवस, वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. दोन निर्णय एकाच सरकारचे. बारा तास उभं राहून काम केलेला माणूस दीड तास प्रवास करून घरी येईल आणि वाचेल, असं कुणी मनापासून मानतं का? मराठी अभिजात झाली, याचा मला अभिमान आहे. पण कामाच्या तासांवर बोलायचं असतं तेव्हा साहित्य संस्था आणि संमेलनाची व्यासपीठं गप्प असतात, हे मला खुपतं. हा कामगार संघटनांचा विषय आहे, आपला नाही, असं लेखक-प्रकाशकांना वाटत असेल, तर त्यांचा वाचक कुठून येणार?

आता वाचनालयं. इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण काही हातात घेऊन करण्यासारखं असेल तर ते इथे आहे.

सार्वजनिक वाचनालयांची आपली परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचं १८२८ चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. कायदा १९६७ मध्ये झाला, आणि आज अनुदान घेणारी अकरा हजारांहून जास्त वाचनालयं राज्यात आहेत. कर्नाटक, केरळ, तामिळनाडूत मालमत्ता करावर ग्रंथालयांसाठी उपकर बसतो. आपल्या कायद्यात तो नाही, सगळं सरकारी अनुदानावर आणि सभासदांच्या वर्गणीवर. पैशाची ओढाताण खरी आहे, मी ती नाकारत नाही. तरी वेळेचा प्रश्न निव्वळ पैशाचा नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी ज्या वाचनालयाची सभासद आहे तिथलं काउंटर संध्याकाळी सातला बंद होतं आणि रविवारी दुपारनंतर उघडत नाही. मागच्या पावसाळ्यात एकदा गाडी लवकर मिळाली, सात वाजून पाच मिनिटांनी पायऱ्या चढून वर गेले. काउंटरवरच्या ताईंनी रजिस्टर मिटलं होतं.

"मॅडम, सातला बंद होतं."

"ताई, फक्त परत करायचंय. उद्या तारीख संपतेय."

"ठेवून जा तुम्ही, मी उद्या जमा करते. पण नवीन नाही देता येणार. कपाटांना कुलपं लावली."

त्यांची काही चूक नव्हती. त्यांनाही घरी जाऊन कुकर लावायचा होता. छत्री झटकत खाली उतरताना मधल्या मजल्यावर लख्ख उजेड दिसला. तिथे अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली खांद्याला खांदा लावून बसली होती, डबे टेबलाखाली, पाण्याच्या बाटल्या रांगेत. ती खोली रात्री अकरापर्यंत उघडी असते. त्या मुलांना ती मिळालीच पाहिजे, घरात जागा नसलेल्या मुलाला टेबल-खुर्ची देणं हे वाचनालयाचं पुण्याचं काम आहे. पण इमारत तीच, वीज तीच, रखवालदार तोच. अकरापर्यंत एक मजला उघडा ठेवता येतो तर त्याच्या वरची पुस्तकं सातला कुलपात का जातात? मला उत्तर मिळालं ते असं, की संध्याकाळी कोणी येत नाही. सातला बंद होणाऱ्या ठिकाणी आठला घरी पोचणारा माणूस येणार कसा? तो येत नाही म्हणून आपण दार लावतो, आणि दार लागलेलं असतं म्हणून तो येत नाही. असं करता करता त्याची वर्गणी थकते, मग नाव कमी होतं, आणि पुढच्या अहवालात लिहिलं जातं, सभासदसंख्या घटली.

ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला रंगनाथनांचे पाच सिद्धांत पाठ असतात. १९३१ मध्ये मांडलेले. त्यातला चौथा आहे, वाचकाचा वेळ वाचवा. त्याच वर्षी तामिळनाडूतल्या मन्नारगुडीहून बैलगाडीत पुस्तकं भरून आसपासच्या खेड्यांत फिरतं वाचनालय सुरू झालं. शेतावरचा माणूस गावात पुस्तक बदलायला येऊ शकत नाही, म्हणून पुस्तकाने त्याच्याकडे जायचं, इतका सरळ विचार. आपल्याकडेही तो विचार करणारे आहेत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रम पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांपर्यंत पोचवतो, त्या पेट्या परदेशातल्या मराठी माणसांपर्यंतही गेल्या. २०१८ मध्ये डेक्कन क्वीन आणि पंचवटी एक्स्प्रेसमध्ये पासधारकांसाठी फिरतं वाचनालय सुरू झालं. रोज पुणे-मुंबई किंवा नाशिक-मुंबई करणाऱ्याला बसायला जागा असते आणि हातात तीन-साडेतीन तास असतात. हे ज्याने ओळखलं त्याला वाचक कळला आहे. भिलारला २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं तेही मला आवडतं, मी जाऊन आले आहे, एका घराच्या ओसरीत दोन तास वाचत बसले. पण भिलारला माणूस सुट्टी काढून जातो. पुण्याच्या पुस्तक महोत्सवात लाखो लोक पुस्तकं घेतात, ते बघून ऊर भरून येतो. त्या महोत्सवाच्या निमित्ताने 'शांतता... पुणेकर वाचत आहेत' म्हणून शहराने एक तास वाचनाला दिला, तो मला खरेदीपेक्षा मोलाचा वाटला, कारण त्यात ऑफिसांनी आणि कॉलेजांनी लोकांना तो तास मोकळा करून दिला होता. वर्षातून एकदा का होईना, वाचन हे कामाच्या वेळेत करायचं काम ठरलं.

तेव्हा माझं म्हणणं अगदी साधं आहे. नोकरी करणारा माणूस ज्या वेळेला मोकळा असतो त्या वेळेला वाचनालयाचं काउंटर उघडं असावं. आठवड्यातून दोन-तीन दिवस रात्री साडेनऊपर्यंत, रविवारी पूर्ण दिवस. त्याबदल्यात सकाळी अकरा ते दुपारी तीन बंद ठेवलं तरी चालेल, पण तिथे कोण येतं ते आधी विचारून. निवृत्त मंडळी आणि सासूबाईंसारख्या बायका त्याच वेळी येतात, त्यांचं दार लावून माझं उघडू नये. स्टेशनबाहेर परतीच्या पुस्तकांसाठी एक कुलूपबंद पेटी असावी. आणि हे सगळं काउंटरवरच्या ताईंच्या पाठीवर टाकून होणार नाही. बऱ्याच वाचनालयांत कर्मचाऱ्यांना मिळणारं मानधन असं आहे की त्यावर घर चालत नाही. रात्रीच्या पाळीला वेगळा माणूस आणि वेगळा पैसा लागेल. तो अनुदानात मागायला हवा, नगरपालिकेकडे मागायला हवा, आणि आम्ही सभासदांनीही वर्गणी वाढवून द्यायला हवी. मी द्यायला तयार आहे. पन्नाशीला २६ पुस्तकांवर लोकांनी जो खर्च केला त्यात एका माणसाचा महिन्याभराचा अर्धवेळ पगार निघाला असता. माझ्या माणसांच्या प्रेमात काही कमी आहे असं याचा अर्थ नाही. पुढच्या वेळी मला काय हवं ते मी त्यांना सांगू शकते, एवढंच.

तोवर आमच्या डब्यात आम्ही आमचं बघतो. आठ जणींचा ग्रुप आहे, वर्षानुवर्षं एकाच दारातून चढणारा. मशीनवरच्या चवडीतली दहा पुस्तकं मी एका कापडी पिशवीत घालून गाडीत नेली. ती पिशवी आता सोमवारी एकीकडे, पुढच्या सोमवारी दुसरीकडे. संध्याकाळी सीएसएमटीला जिला घाई नसेल ती पुढच्या गाडीत चढून चौघींसाठी जागा धरते, आणि त्या चौघी ठाण्यापर्यंत बोलत नाहीत. हा नियम आमच्यातल्या सगळ्यात बोलक्या बाईने सुचवला. कळव्याच्या एकीने भाजीपाल्याचं पुस्तक वाचून खिडकीत मेथी लावली आणि जुडी आणून वाटली.

वाचनालयाच्या गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेला मी गेले होते. एकवीस जण हजर होते, सभा रविवारी सकाळी होती म्हणून जाता आलं. आयत्या वेळच्या विषयांत मी बुधवारी रात्री साडेनऊपर्यंत काउंटर उघडं ठेवण्याचा ठराव मांडला. अध्यक्षांनी विचारलं, माणूस कुठून आणायचा? अभ्यासिकेत बसणाऱ्या एका मुलीने हात वर केला. ती म्हणाली, "मी बसेन सर. मला महिन्याचं अभ्यासिकेचं भाडं माफ करा." तीन महिन्यांसाठी करून बघायचं ठरलं. पहिल्या बुधवारी मी पावणेनऊला पोचले. जिन्यात ऑफिसच्या बॅगा लावलेली माणसं वर चढत होती, एकाच्या हातात दुधाच्या पिशव्या होत्या. ती मुलगी रजिस्टरमध्ये नावं लिहीत होती, अक्षर सुरेख. माझा नंबर चौदावा.